लांबच्या विमानप्रवासातले आरोग्य

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास हवेत असते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा एअर इंडियाने २०१५च्या डिसेंबरात सुरू केली आणि बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को २०२१च्या जानेवारीत. यातले दुसरे अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर भरते. सिंगापूर ते न्यूयॉर्क या उड्डाणाला तर अठरा तासांच्या वर लागतात. पूर्वी अशा प्रवासात आखातात किंवा युरोपात उतरावे लागे, दोन-तीन तास विमानतळावर पायपीट होई, आणि ती गैरसोय शरीराच्या पथ्यावर पडे. थेट उड्डाणांनी ती पायपीट संपवली. प्रवासीही बदलले आहेत. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली साठी उलटलेली आई आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा खिशात ठेवून तिच्याबरोबर निघालेले वडील, हे मुंबई विमानतळावरचे रोजचे दृश्य आहे. तरुण, धडधाकट शरीर सोळा तासांची बैठक फारशी तक्रार न करता सोसते. पासष्टीच्या शरीराला मात्र या प्रवासात काय घडते हे ठाऊक असलेले बरे.

लांबच्या उड्डाणात विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर असते. तिथले तापमान उणे पन्नास अंशांच्या आसपास आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा. तिथे माणूस काही मिनिटेही शुद्धीवर राहू शकत नाही, म्हणून केबिनमध्ये दाबून हवा भरतात. हा दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत, कारण आतला आणि बाहेरचा दाब यांत जितका जास्त फरक तितका विमानाच्या सांगाड्यावर ताण जास्त, आणि प्रत्येक उड्डाणात तो सांगाडा फुगतो नि सैल पडतो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, ती अशा वारंवारच्या ताणाने धातू थकून. तेव्हा व्यवहारात तडजोड केली जाते: केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटरवरच्या दाबापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे आणि उटी सुमारे २,२४० मीटरवर. म्हणजे विमानातला प्रवासी उटीपेक्षाही थोड्या वरच्या हवेत श्वास घेत असू शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत हा दाब सहा हजार फुटांइतका ठेवता येतो. तीही उंची कळसूबाईच्या वरचीच.

अशा हवेत ऑक्सिजनचे प्रमाण नेहमीइतकेच, सुमारे २१ टक्के असते. पण एकूण दाबच पाऊण झाल्यामुळे रक्तात तो कमी शिरतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर जमिनीवर ९७-९८ दाखवणारा आकडा विमानात ९० ते ९५च्या दरम्यान येतो. करोनाच्या काळात या आकड्यांची धास्ती घेतलेल्या कुटुंबांनी विमानात ते यंत्र काढून न बसलेलेच बरे, कारण निरोगी माणसात ही घट अपेक्षितच आहे. डोके जड होणे, अकारण थकवा, वाचलेले लक्षात न राहणे एवढेच तिचे परिणाम. ज्यांची फुप्फुसे, हृदय किंवा हिमोग्लोबिन आधीच उणे आहे त्यांची गोष्ट वेगळी. तिचा विचार पुढे केला आहे.

विमानात कोणी आजारी पडले असे ऐकले की हृदयविकाराचा झटका डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात सर्वांत जास्त आढळते ती भोवळ. पाच विमान कंपन्यांच्या उड्डाणांतल्या सुमारे बारा हजार वैद्यकीय प्रसंगांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ६०४ उड्डाणांमागे एक प्रसंग असे प्रमाण होते, आणि त्यांतले ३७ टक्के प्रसंग भोवळ किंवा बेशुद्धीचे होते. कारणे साधी आहेत. ऑक्सिजन थोडा कमी, तासन्‌तास लोंबकळलेल्या पायांत साचलेले रक्त, नुकतेच जेवण झाल्याने पोटाकडे वळलेला रक्तप्रवाह, वर एखादा मद्याचा पेला. आणि अशात माणूस स्वच्छतागृहासाठी झटकन उठतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना हे लवकर जाणवते. उठण्यापूर्वी बसल्या जागी पावले आठ-दहा वेळा वरखाली करावीत, मग उभे राहून क्षणभर आसनाचा आधार घ्यावा. डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर तिथेच खाली बसावे. आडवे करून पाय उंच ठेवले की बहुतेकांना काही मिनिटांत बरे वाटते.

कमी दाबाचा आणखी एक परिणाम शरीरातल्या पोकळ्यांवर होतो. दाब घटला की वायू पसरतो, आणि केबिनच्या उंचीला त्याचे आकारमान जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढते. आतड्यांतला वायू पसरल्याने पोट फुगते, कमरेचा पट्टा काचतो. निघण्याच्या दिवशी छोले, राजमा, मिसळ, कोबी आणि सोड्याची पेये टाळावीत हा सल्ला त्यामुळे अगदी रास्त आहे. किडलेल्या दाताच्या पोकळीतही हेच घडते आणि दात ठणकतो. लांब जायचे असेल तर दाताचे काम आधी उरकून घ्यावे.

कानाचे दुखणे मात्र विमान उतरताना होते. मधल्या कानातली हवा घशाला जोडणाऱ्या एका अरुंद नळीतून ये-जा करते. विमान चढताना आतली जास्तीची हवा या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना उलट हवा आत यावी लागते आणि ही नळी त्या दिशेने सहज उघडत नाही; पडदा आत ओढला जातो आणि कान दुखतो. गिळताना, जांभई देताना नळी क्षणभर उघडते, म्हणून चघळायची गोळी उपयोगी पडते. तेवढ्याने भागले नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच नाकातून हवा ढकलावी. इटालियन शरीरशास्त्रज्ञ व्हाल्साल्व्हा याने १७०४ मध्ये वर्णन केलेली ही युक्ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. जोर मात्र बेताचाच लावावा. झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते, म्हणून उतरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी जागे व्हावे. तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर किंवा बाटलीने पाजावे. विमान वर चढतानाच दूध देऊन मोकळे होणाऱ्या आया नंतर उतरताना रडणाऱ्या बाळाला थोपटत बसतात. सर्दीने नाक चोंदले असेल तर उतरण्याआधी नाक मोकळे करणारे थेंब घालता येतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारून घालावेत.

केबिनमधल्या कमी दाबामुळेच पाणबुड्यांसाठी एक वेगळे पथ्य आहे. खोल पाण्यात असताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडण्याआधी विमानात चढले तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला स्कूबा डायव्हिंग करून लगेच विमान पकडण्याचा बेत म्हणूनच नको. एकच डुबकी असेल तर किमान बारा तास, अनेक असतील तर अठरा तास थांबावे, आणि सोयीसाठी पूर्ण एक दिवस धरावा.

केबिनची हवा कोरडी असते. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. आत जी काही आर्द्रता येते ती मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून. त्यामुळे ती बहुधा दहा ते वीस टक्क्यांवर राहते. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या माणसाला हा फरक तासाभरात नाकात आणि डोळ्यांत जाणवतो. विमानाने शरीर सुकते असा सार्वत्रिक समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. कोरड्या हवेमुळे त्वचेतून आणि श्वासातून जाणारे जादा पाणी शरीरातल्या एकूण पाण्याच्या मानाने थोडे असते. सुकतात ते ओठ, घसा, नाक आणि डोळे. खरी पाण्याची कमतरता होते ती माणूस पाणी पीत नाही म्हणून. खिडकीजवळ बसलेली आजी शेजारच्या दोघांना सारखे उठवायला संकोचते, म्हणून पाणी टाळते. कुणी कुणी तर रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळीच त्या दिवशी घेत नाही. हे दोन्ही धोक्याचे आहे. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून मागेपुढे करता येते, पण ती परस्पर बंद करू नये. ज्येष्ठांसाठी खिडकीचा हट्ट सोडून मधल्या वाटेकडची जागा घेणे हा विमानप्रवासातला सर्वांत स्वस्त आरोग्य-उपाय म्हणायला हरकत नाही.

पाणी थोडे थोडे, जागेपणी तासाला अर्धा-पाऊण पेला या बेताने प्यावे. एका दमात लिटरभर पिण्याने काही साधत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी तेच प्रमाण पाळावे. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावावा, डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत, नाकात खारट पाण्याचा फवारा मारावा. ओठांना साजूक तूप लावण्याची घरगुती रीत इथे महागड्या मलमाइतकीच कामाची आहे.

बंद हवेत सगळ्यांची सर्दी सगळ्यांना होते, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. केबिनमधली साधारण निम्मी हवा बाहेरची ताजी असते आणि निम्मी गाळून पुन्हा सोडलेली. हेपा जातीच्या गाळण्या ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतात. हवा छतातून येते आणि पायांजवळून निघून जाते, विमानाच्या लांबीत फारशी वाहत नाही, आणि तासाला वीस ते तीस वेळा बदलते. हे नीट चालू असेपर्यंत शेवटच्या रांगेतल्या खोकल्याचा पहिल्या रांगेला फारसा धोका नसतो. बंद पडले तर काय होते ते १९७७ मध्ये अलास्कात दिसले. इंजिनाच्या बिघाडामुळे चोपन्न जणांचे एक विमान सुमारे तीन तास जमिनीवर अडकले, हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि आत एकाला फ्लू झालेला होता. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका उड्डाणात सार्सच्या एका रुग्णापासून अनेकांना संसर्ग झाला, आणि त्यांतले काही चांगल्या अंतरावर बसलेले होते. एकंदरीत धोका शेजारच्या माणसाचा, तपासणीच्या रांगांचा आणि हातांचा. डोक्यावरचा हवेचा झोत चालू ठेवावा, जेवणाआधी हात धुवावेत, आणि शेजारी कोणी खोकत असेल तर संकोच न करता मास्क लावावा.

लांबच्या उड्डाणातला खरा गंभीर धोका हवेत नसून बैठकीत आहे. पायांतले रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटऱ्यांच्या स्नायूंच्या आकुंचनाने. स्नायू आवळले की शिरा दाबल्या जातात आणि त्यांतल्या झडपांमुळे रक्त एकाच दिशेने पुढे सरकते. स्नायू स्वस्थ बसले की हा पंप थांबतो. त्यात गुडघे वाकलेले, मांडीखाली आसनाची कड रुतलेली, आणि इकॉनॉमी वर्गात दोन आसनांमधले अंतर तीस ते बत्तीस इंचांचे. संथ झालेले रक्त खोल शिरेत गोठते. गुठळी पायातच राहिली तर पाय सुजतो. सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर जीव जाऊ शकतो.

ही गोष्ट लक्षात आली ती विमानामुळे नव्हे. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्रभर निवाऱ्यांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदवले की फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू अचानक वाढले आहेत, आणि त्यांत खुर्चीच्या पुढच्या कडेने मांड्यांखालच्या शिरा दाबल्या जाण्याचा हात असावा. १९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकी शल्यविशारदांनी दीर्घ बैठकीनंतर झालेल्या गुठळ्यांचे रुग्ण वर्णन केले. त्यांतला एक जण चौदा तासांचा विमानप्रवास केलेला डॉक्टर होता. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले आणि २००० साली ऑस्ट्रेलियाहून लंडनला उतरताच एका तरुणीचा मृत्यू झाल्यावर ते घरोघरी पोचले. नाव फसवे आहे. बिझनेस क्लासमध्ये झोप लागलेल्यालाही गुठळी होते, आणि बसमध्ये बारा तास बसलेल्यालाही.

धोका किती, याचे चांगले उत्तर पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावरून मिळाले. १९९३ ते २००० या काळात तिथे उतरलेल्या साडेतेरा कोटी प्रवाशांपैकी ५६ जणांना फुप्फुसातली मोठी गुठळी झाल्याचे नक्की ठरले. पाच हजार किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास केलेल्यांत हे प्रमाण दर दहा लाखांमागे दीड होते, दहा हजारांपेक्षा जास्त केलेल्यांत ४.८, आणि जवळच्या प्रवासात जवळजवळ शून्य. पायातल्या गुठळ्या धरल्या तर आकडा मोठा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून मोठ्या प्रवासाने हा धोका दोन-तीन पट होतो, तरीही निरोगी माणसात तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच असतो. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे मात्र ओळखायला हवे. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, गर्भवती आणि नुकत्याच बाळंतीण झालेल्या, गर्भनिरोधक किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, लठ्ठ व्यक्ती, आणि पायाला प्लास्टर असलेले यांचा धोका कितीतरी जास्त. खूप उंच माणसाप्रमाणेच खूप बुटक्या माणसालाही तो असतो, कारण पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आसनाची कड गुडघ्यामागे रुतते. मराठी घरांतल्या अनेक बायकांना हे लागू पडते. पायांखाली हातातली पिशवी ठेवली तरी फरक पडतो.

उपाय एकच आहे: पोटऱ्या हलत्या ठेवणे. टाच टेकवून चवडे उचलायचे, चवडे टेकवून टाचा उचलायच्या, घोटे गोल फिरवायचे. हे तासाला पाच मिनिटे पुरे. दर दोन तासांनी मधल्या वाटेवरून एक फेरी मारावी. गुडघ्यापर्यंतचे, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे दाबमोजे लांबच्या प्रवासात लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या बऱ्याच कमी करतात, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. ते पायाचे माप घेऊनच विकत घ्यावेत. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नयेत. प्रवासाआधी ॲस्पिरिन घेण्याची सवय बरीच पसरली आहे, पण या कामासाठी ते सर्वसाधारण प्रवाशाला सुचवले जात नाही. ज्यांचा धोका खरोखर मोठा आहे त्यांना डॉक्टर रक्त पातळ करणारे दुसरे औषध देतात.

इथे दोन देशी सवयींचा उल्लेख करायला हवा. चांगले चालू शकणारे आईवडील परक्या विमानतळावर चुकू नयेत म्हणून मुले त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवतात. भाषेची अडचण असलेल्यांना तिचा आधार वाटतो हे खरे. पण सोळा तास बसलेल्या माणसाला मिळू शकणारी एकुलती चाल त्यामुळे हुकते. खुर्ची घेतली तरी विमानात फेऱ्या मारायलाच हव्यात. दुसरी सवय परतीची. मध्यरात्री मुंबईला उतरून तिथूनच कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूरला मोटार पकडली जाते. शिरांच्या दृष्टीने हा नवा प्रवास नसतो, जुनीच बैठक आणखी सात-आठ तास लांबते. वाटेत दोनदा तरी थांबून चालावे.

प्रवासानंतर दोन्ही पाय सारखे सुजणे, बुटात पाऊल न मावणे हे नेहमीचे असते आणि दिवसा-दोन दिवसांत ओसरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली तर ते वेगळे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे. ती उतरल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात, आणि डॉक्टरांना प्रवासाची गोष्ट आपण होऊन सांगावी लागते.

विमानातले जेवण बेचव लागते यात स्वयंपाक्याचा दोष थोडाच. कमी दाबात, कोरड्या नाकाने आणि सततच्या गोंगाटात खारट आणि गोड चव मंद लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या प्रयोगांत हे दिसले. म्हणून जेवणात मीठ जरा हात सोडून घातलेले असते. रक्तदाब असलेल्यांनी कमी मिठाचे जेवण आधी सांगून ठेवावे. मधुमेहींसाठी, जैनांसाठी वेगळी ताटे असतात तशी ही सोयही बहुतेक कंपन्या किमान एक दिवस आधी कळवल्यास करतात. घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी विमानात खायला उत्तम. उरलेले मात्र उतरण्यापूर्वी संपवावे, कारण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात फळे, भाज्या, मांस यांवर कडक निर्बंध आहेत. आखातातून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. खसखशीवर थापलेले अनारसे घेऊन दुबईत उतरू नये.

मद्याबद्दल पूर्वी नुसते ‘बेताने घ्या’ असे सांगत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन प्रयोगाने त्याला आकडे दिले. तरुण निरोगी माणसांना केबिनइतक्या कमी दाबाच्या खोलीत मद्य देऊन झोपवले, तर त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास आला आणि नाडी वाढलेली राहिली. हृदयविकार असलेल्याने हे करून पाहू नये. झोपेच्या गोळीचीही अडचण तशीच. ती घेतलेला माणूस आठ-आठ तास कूस बदलत नाही, आणि पोटऱ्या तितकाच वेळ निपचित राहतात. विमान लागणाऱ्यांनी ॲव्होमिनसारखी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी आणि पंखांजवळची जागा मागावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात.

काही परिस्थितींत तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांकडे जायला हवे. हृदयविकाराचा झटका आल्यावर गुंतागुंत नसली तरी आठवडा-दहा दिवस थांबावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवस, दुर्बिणीतून केलेल्या लहान शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण शोषला जाईपर्यंत उड्डाण वर्ज्य. पसरणारा वायू दृष्टी घालवू शकतो. दम्याच्या जुनाट विकाराचे, हृदय कमकुवत असलेले आणि हिमोग्लोबिन फार खाली गेलेले रुग्ण यांना विमानात ऑक्सिजन लागू शकतो. त्यासाठी कंपनीचा वैद्यकीय अर्ज आधी भरावा लागतो. गरोदर स्त्रीला, एकच बाळ असेल आणि सगळे ठीक असेल तर, बहुतेक कंपन्या ३६व्या आठवड्यापर्यंत नेतात, पण २८व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात. जुळ्यांसाठी मर्यादा ३२ आठवड्यांची असते.

औषधे नेहमी हातातल्या सामानात ठेवावीत, कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. मोठी बॅग चुकते हे एक कारण. इन्सुलिन असेल तर सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते हे दुसरे. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि इन्सुलिनचा एखादा डोस वाढू शकतो, पूर्वेला येताना दिवस आखूड होऊन तो कमी करावा लागतो. हे गणित निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. निम्म्या झोपेत, तीस हजार फुटांवर ते जमत नाही.

उतरल्यानंतरची तक्रार म्हणजे जेट लॅग. मेंदूतले मुख्य घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब दिवस पाळते आणि रोज उजेड पाहून स्वतःला जुळवून घेते. दिवस लांबवणे त्याला सोपे, आखूड करणे अवघड. म्हणून पश्चिमेला गेल्यावर ते रोज साधारण दीड तासाने सरकते, तर पूर्वेला आल्यावर जेमतेम एका तासाने. न्यूयॉर्क मुंबईच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास आहे, म्हणजे तिथे रुळायला आठवडा लागणे स्वाभाविक आहे. सॅन फ्रान्सिस्कोला तर दिवसाची रात्रच होते.

सर्वांत परिणामकारक औषध ऊन. फक्त त्याची वेळ साधावी लागते. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे पहाटे चार-पाचच्या सुमाराला सर्वांत खाली असते. त्या वेळेआधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो. मुंबईहून उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेलेल्याची ही ‘पहाट’ पहिल्या दिवशी तिथल्या संध्याकाळी साडेसहा-साडेसातला येते. त्याने दुपारभर बाहेर राहावे आणि सातनंतर घरातले दिवे मंद करावेत. लंडनला रुळून उन्हाळ्यात मुंबईला परतलेल्याची ‘पहाट’ इथल्या साडेआठ-साडेनऊला येते. सकाळी सातला उतरून लख्ख उन्हात फिरायला निघालेला तो उत्साही माणूस आपले घड्याळ उलट्या दिशेला ढकलत असतो. त्याने दहापर्यंत गॉगल लावावा आणि त्यानंतर ऊन घ्यावे. पुढे ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आणत जावी. पाच किंवा अधिक कालपट्टे ओलांडल्यास तिथल्या झोपेच्या वेळी अर्धा ते पाच मिलिग्रॅम मेलाटोनिन उपयोगी पडते. अपस्माराच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

जेवणाच्या वेळांचाही हातभार लागतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टास कंपनीने २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी अशी एकोणीस तासांची चाचणी-उड्डाणे केली. त्यांत दिवे, जेवण आणि हालचाल यांच्या वेळा मुद्दाम सिडनीच्या घड्याळाशी जुळवल्या, आणि ते पाळणाऱ्या प्रवाशांना पहिल्या दोन दिवसांत त्रास कमी झाला. विमानात बसताच मनगटी घड्याळ उतरण्याच्या गावाच्या वेळेला लावून त्याप्रमाणे खाणे-झोपणे, एवढे कुणालाही करता येते. तिथे पोचल्यावर दुपारची झोप अनावर झाली तर वीस-तीस मिनिटांचा गजर लावून घ्यावी. मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल तर जुळवून घेण्याच्या भानगडीत न पडता शक्य तेवढे घरच्या वेळेनेच झोपावे आणि महत्त्वाच्या बैठका आपण ताजेतवाने असू अशा तासांत ठेवाव्यात.